चक्की चालू, ट्रकही चालू

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घ कुठं काय द्यायचं ते मला नीट कळत नाही, आणि अक्षर तर असं आहे की आज लिहिलेलं उद्या मलाच वाचता येत नाही. हात लिहिता राहिला तो चक्कीमुळे, तेही डब्यावर खडूनं दोन-तीन अक्षरं टाकण्यापुरता. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्या.

लिहायला बसले ते मुलीमुळे. ती पुण्याला कंपनीत आहे. परवा फोनवर म्हणाली, "आई, तू ते कम्प्युटरचं कार्ड कसं ठीक केलं ते एकदा पयल्यापासून सांग नं. माह्या मैत्रिणीचंबी तसंच होऊन राह्यलं." मला फोनवर सांगता येत नाही. समोरचं माणूस कान देऊन ऐकत आहे असं वाटलं की माझं वाक्य अर्ध्यात राहतं. "तूच सांग तिले, तुले सारं माहीत आहे," असं म्हणून मी फोन ठेवला. पण मग दोन दिवस तेच मनात फिरत राहिलं. म्हणून लिहिते. कोणाला दाखवायचं नाही.

आमचं गाव हिंगणीच्या अलीकडे, बोर धरणाच्या रस्त्याला. घराला लागून पिठाची चक्की आहे. ती मीच चालवते, वीस वर्षं झाली. मला हे काम आवडतं, कारण चक्की सुरू असली की बोलावं लागत नाही. बाया डबा ठेवतात, बोटानं 'बारीक' नाही तर 'जाड' अशी खूण करतात, मी मान हलवते.

माझे यजमान ट्रक चालवायचे. अठ्ठावीस वर्षं. हिंगणघाटहून कापसाच्या गठाणी भरायच्या आणि खाली दक्षिणेत नेऊन टाकायच्या. मग यांना साखर निघाली. आधी पायाची बोटं बधिर झाली, नंतर तळवे. एक दिवस सेलूच्या पुढं ब्रेकवर पाय आहे की नाही हेच यांना समजलं नाही. ट्रक रस्त्याच्या कडेच्या मुरमाच्या ढिगात जाऊन थांबला. कोणाला काही झालं नाही. यांनी तिथूनच मालकाला फोन केला आणि म्हणाले, "गाडी इथं उभी आहे, चावी घेऊन जा." त्यानंतर हे कधी स्टेअरिंगवर बसले नाहीत.

त्यानंतर हे ओट्यावर बसून राहायचे. रस्त्यानं ट्रक गेला की आवाजावरून बोलायचे, "तिसरा लावाले पायजे होता यानं. इंजिन मारते साला." बाकी दिवसभर शब्द नाही. जेवायला वाढलं की जेवायचे, न वाढलं तर मागायचे नाहीत. मला स्वतःला बोलायला नको असतं, पण यांचं न बोलणं वेगळं होतं. माझ्या गप्प राहण्यात मी असते. यांच्यात कोणी नव्हतं.

मुलीनं लॅपटॉप घेतला तेव्हा जुना कम्प्युटर दिवाळीला घरी आणला आणि त्यात ट्रक चालवायचा खेळ टाकून दिला. माल भरायचा, शेकडो किलोमीटर न्यायचा, वेळेत पोचवायचा. रस्ते परदेशातले. यांनी पहिल्या दिवशी चपला बाहेर काढल्या, स्क्रीनला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि मग खुर्चीवर बसले. पाय लागतच नव्हते, सगळं बोटांवर. अर्ध्या तासानं आतून आवाज आला, "कोनी हॉर्नच देत नाई वं इथं. मुके आहेत का सारे?" मी चक्कीच्या खोलीत उभी होते. हे कोणाशी तरी बोलले, हेच मला नवीन होतं.

पण चित्र अडकत होतं. रस्ता तुकड्या-तुकड्यानं यायचा, वळण यांना उशिरा दिसायचं आणि ट्रक कठड्याला लागायचा. मुलगी म्हणाली, कम्प्युटरमध्ये चित्र काढणारा वेगळा भाग लागतो, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. नवीन फार महाग. नागपूरला जुन्या सामानाच्या दुकानात एक मिळत होतं, नऊ हजाराला. पंधरा दिवस होऊन गेले की परत घेणार नाहीत. मुलीची नोकरी नवी, तिच्याकडे मागायचं नाही असं मी ठरवलं आणि बचत गटात कर्ज मागितलं.

बैठक अंगणवाडीच्या ओसरीत असते. आमच्या अध्यक्षबाईंचं किराणा दुकान आहे, आवाज मोठा. त्यांनी विचारलं, "कायच्यासाठी पायजे?"

मी म्हटलं, "कम्प्युटरचा एक पार्ट आहे."

"माय वो! चक्की आता कम्प्युटरवर चालवतं का?"

सगळ्या हसल्या. मी सतरंजीचा दोरा ओढत म्हटलं, "यायच्यासाठी. ट्रकचा खेळ आहे."

मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "द्या वो तिले. माह्या मानसानं दारूत घर घालवलं, इचा तं खुर्चीत बसून गाडी चालवते." पुन्हा हसू झालं आणि कर्ज मंजूर झालं. दहा महिन्यांत फेडायचं.

संक्रांतीच्या सुट्टीत मुलगी नागपूरहून कार्ड घेऊन आली आणि बसवून गेली. दोन पंखे असलेली, विटेएवढी वस्तू. आता रस्ता सरळ दिसायला लागला. पाऊस पडला की काचेवर थेंब दिसायचे. हे मला हात धरून दाखवायला घेऊन गेले होते. पंधरा दिवस सुखाचे गेले. दुकानाची मुदत संपली, आणि त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी खेळ बंद पडला.

कसा बंद पडायचा ते सांगते. ट्रक चांगला जात असायचा. एकदम चित्र गोठायचं, इंजिनचा आवाज एकाच सुरावर घर्रर्र करत अडकायचा, आणि मग खेळ निघून जायचा. इंग्रजीत एक पाटी यायची. पुन्हा सुरू केलं की ट्रक मागच्या थांब्यावर उभा. इतकं चालवलेलं सगळं पाण्यात. दुसऱ्या कोणाला तो खेळ होता. यांच्यासाठी माल पोचला नव्हता. अठ्ठावीस वर्षांत यांनी कोणाचा माल अर्ध्यात सोडला नव्हता, ते मला माहीत होतं. म्हणून यांचा चेहरा तसा व्हायचा तेव्हा मी हसले नाही.

आधी यांनी शनिवारी लिंबू-मिरची आणून कम्प्युटरला बांधली, ट्रकला बांधायचे तशी. सोमवारी खेळ पुन्हा बंद पडला. मग यांना दुसरं सुचलं. दोनदा असं झालं होतं की मी चक्कीचं बटण दाबलं आणि तिकडे ट्रक गेला. चक्की आणि कम्प्युटर एकाच मीटरवर आहेत. मोटर सुरू होताना घरातला बल्ब मंद होतो, हे खरंच आहे.

"चक्की लाइट खाऊन टाकते," हे म्हणाले. "मी चालवत असतानी चक्की नोको लावू."

मी बरं म्हटलं. यांना अठ्ठावीस वर्षं इंजिनाची सवय, मला कशाची? रात्री खेळा म्हणायचीही सोय नव्हती. ड्रायव्हर असताना यांनी इतक्या रात्री जागवल्या की घरी आल्यावर शपथ घेतली होती, आता रातची ड्युटी नाही. सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते पाच हे गाडीवर. नेमकं तेव्हाच दळण येतं. आमच्या बाजूला जंगल असल्यानं पलीकडच्या वाडीतल्या बाया ऊन असतानाच येतात आणि ऊन असतानाच परततात. त्या यायच्या, चक्कीला कडी पाहायच्या आणि डबा डोक्यावर घेऊन हिंगणीच्या चक्कीवर जायच्या.

आणि खेळ? तो तरीही बंद पडायचाच. पण हे म्हणायचे, गावात दुसऱ्या कोणाची मोटर चालू असेल, विहिरीवरची असेल. आणि मी मान हलवायची.

माघ गेला, फाल्गुन गेला. कर्जाचे दोन हप्ते भरायचे राहिले. बैठकीत मी मागं बसले होते, तरी अध्यक्षबाईंनी गाठलं.

"काय वो, दोन हप्ते झाले. परवा दुपारी मी सोता आलती दळण घेऊन, तं कडी लावेल. उन्हाळी दळणाचे दिवस आहेत, पापडाची डाळ, शेवयाचे गहू. आता नाई कमावशीन तं कधी?"

"घरी... हे चालवत असतात नं," मी म्हटलं.

"म्हंजे ट्रक चालू आहे म्हून गावाले पीठ नाई?" सगळ्या इतक्या हसल्या की बाजूच्या घरातला कुत्रा भुंकला. त्या स्वतः मात्र हसल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "पाय, पैसा साऱ्या बायांचा आहे. पावसाळा लागेपर्यंत मांगचं सारं भरजो. नाई तं थो कम्प्युटर इकून भरा लागन. मले म्हनाले बरं वाटते का?"

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. घरी येताना मी हिशोब केला तो पैशाचा नव्हता. कम्प्युटर गेला तर हे पुन्हा ओट्यावर जातील. या वेळी तिथून परत येतील की नाही, मला सांगता येत नव्हतं.

चैत्रात गरमी वाढली तेव्हा मला एक वाटलं आणि मी ते न विचारता करून टाकलं. चक्कीत दगड फार आवळले की पीठ गरम निघतं आणि मोटर तापून बसते. मी विचार केला, कार्डही तापत असेल. कूलर ओढत आणला, खस भिजवली आणि कम्प्युटरच्या तोंडासमोर लावून दिला. हे म्हणाले, "वा, एसी केबिन!" दोन दिवसांत टेबलाला ओल धरली, कागद मऊ पडले, कीबोर्डवर हात चिकटायला लागला. फोनवर मुलीला सांगितलं तर ती ओरडलीच, "आई! पान्याची हवा मारून राह्यली का त्याच्यावर? बंद कर आधी!" आणि खेळ कूलर असतानाही बंद पडला होता, तोही सकाळी थंडाव्याला, सुरू केल्यापासून वीस मिनिटांत. म्हणजे गरमी नव्हती. हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण आपल्याला जे येतं तेच कारण असावं असं वाटतं. यांना मोटर येते, मला दगड येतो.

मग चक्कीच्या दगडाला टाकी लावायचा दिवस आला. दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं त्याला पुन्हा खरबरीत करावं लागतं. वरचा दगड काढून ठेवला होता, पट्टा उतरवला होता, चक्कीचा मेन स्विच खाली. दोन दिवस चक्की उघडी पडलेली. दुसऱ्या दिवशी मी यांना चहा द्यायला गेले आणि माझ्यासमोर ट्रक गोठला. घर्रर्र. पाटी.

मी कपबशी हातात घेऊन तशीच उभी राहिले. वर बल्ब लागलेला होता, त्याचा उजेड हललासुद्धा नव्हता. पंखा फिरत होता. आणि कम्प्युटर चालूच होता. मुलीनं लावलेला शेताचा फोटो समोर दिसत होता. गेला होता फक्त खेळ.

लाइट कमी झाली असती तर सगळंच गेलं असतं ना? आधी कम्प्युटरच विझला असता. इतक्या महिन्यांत तो एकदाही विझला नव्हता.

हे बोलायला मला दीड दिवस लागला. त्यापासून तिसऱ्या दिवशी सकाळी, हे चपला काढत असताना, मी म्हटलं, "एक बोलू का?"

"बोल नं."

"कम्प्युटर बंद होत नाई."

"मंग मी काय सपन पाहून राह्यलो?"

"खेळ बंद होते. कम्प्युटर चालूच राहते. लाइटीनं गेलं असतं तं सारंच गेलं असतं. अन् चक्की तं दोन दिवसांपासून उघडून पडेल होती, तरी झालं."

यांनी त्या शेताच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे तुले आताच समजलं?"

"परवा."

"परवापासून काऊन नाई बोलली?"

मी पदरानं कीबोर्डवरचं पीठ पुसायला लागले.

"तीन महिने चक्की बंद ठेवली," हे म्हणाले, पण मला उद्देशून नाही. मग यांनीच मुलीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तू सांग. जसं मले सांगतलं तसं."

मी सांगितलं. अडखळत, पण पूर्ण. मुलगी म्हणाली, "आई, तुह्यं बरोबर आहे." मग तिनं तिकडून काहीतरी करून आमच्या स्क्रीनवर एक छोटी चौकट आणली. त्यात कार्डाची गरमी आकड्यात दिसत होती. ती ठीक होती. तिनं समजावलं ते असं: कार्डाला एक वेग असतो, एका सेकंदात किती ठोके, त्याला क्लॉक स्पीड म्हणतात. काही कार्डं जास्त कामाची दिसावीत म्हणून मुळातच थोड्या चढ्या वेगावर लावलेली असतात. नवीन असताना झेपतं. जुनं झालं की तितकं झेपत नाही. एखादा हिशोब चुकतो, आणि खेळ तिथंच बसतो. वेग थोडा खाली आणला तर कदाचित चालेल.

मला ते लगेच समजलं. एकदा चक्कीच्या मेकॅनिकनं मोटरला मोठी पुली लावली होती, दळण लवकर निघावं म्हणून. दगड जोरात फिरायला लागला, सगळी चक्की थरथरायची, पीठ कुठं जाड कुठं बारीक. दगड चांगला होता, मोटर चांगली होती, फक्त त्यांच्याकडून जास्त मागितलं जात होतं. जुनी पुली परत लावली आणि सगळं शांत झालं.

"एका वेळी पंचवीसच कमी करायचे," मुलगी म्हणाली. "मग चालवून पाहायचं, वहीत लिहायचं. दुसरं काहीच बदलायचं नाई. आई, हे तूच करजो. बाबा घाई करतात."

"मी ऐकून राह्यलो," हे मागून म्हणाले.

इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, पण आकडे येतात आणि वजाची खूण येते. चौकटीत एक दांडी होती, ती माउसनं डावीकडे सरकवायची आणि बरोबरची खूण दाबायची. मी वजा पंचवीस केलं. पस्तीस मिनिटं चाललं, मग गेलं. वहीत लिहिलं. वजा पन्नास. एक तास दहा मिनिटं. वजा पंचाहत्तरवर यांनी लागोपाठ दोन माल पोचवले आणि तिसऱ्याला स्वतःच थांबवलं, जेवायला. त्या दिवशी यांनी भाकर मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत ट्रक गोठला.

मला रडूच आलं. मी चौकट उघडली आणि पाहिलं तर दांडी मधोमध, आकडा शून्य.

"तुमी हात लावला?"

हे खिडकीबाहेर पाहायला लागले. "गाडी चढावर दम टाकून राह्यलती. तू त्याले गव्हर्नर बसवून देल्ला."

गव्हर्नर म्हणजे ट्रकला वेगाच्या वर जाऊ न देणारं यंत्र. ड्रायव्हर लोकांना ते डोळ्यासमोर नको असतं. यांनी तर एका गाडीचा काढून टाकून मालकाच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"अवो, ट्रक वेगळा अन् कार्ड वेगळं. ट्रकचा जोर तेवढाच आहे. मी चित्र काढनाऱ्याले म्हनलं, जरा दमानं काढ."

"मले समजते नं गाडीत बसल्यावर. तीस वर्षं काय झक मारली?"

मी सहसा इथं गप्प बसते. पण पावसाळा लागायला महिना राहिला होता. मी म्हटलं, "ठीक आहे. तुमी तोंड तिकडे करा. मी आकडा आहे तसा ठेवीन नाई तं खाली आनीन. तुमी एकच चढ चालवा अन् सांगा, कोनता आहे."

"लाव पैज."

"पैज नाई. सांगा फक्त."

पहिल्या वेळी मी शून्यच ठेवलं. हे चढ चढले आणि ठामपणे म्हणाले, "हे पाय, आता दम टाकून राह्यली. खाली आनला तू." मी दाखवलं. दुसऱ्या वेळी वजा शंभर केलं, आधीच्या पंचाहत्तरपेक्षाही खाली. हे म्हणाले, "हां, आता गाडीत जान आहे. हा असली आकडा." मी पुन्हा दाखवलं. हे चौकटीजवळ नाक नेऊन पाहत राहिले. मग हसायला लागले. आधी नाकातून, मग खुर्ची हलेपर्यंत. "तीस वर्षं मालकायले फसवलं मी," हे म्हणाले, "अन् आज तू मले घरात बसवून." त्यानंतर त्या दांडीला यांनी हात लावला नाही. आकडा वजा शंभरावरच राहिला. पंचाहत्तरवर चाललं असतंही, पण मला काठावर ठेवायचं नव्हतं. चक्कीतही मी दगडाचा पेच अर्धा फेरा सैलच ठेवते. मुलीनं तो आकडा कायमचा धरून ठेवायची खूण दाखवली, नाहीतर कम्प्युटर बंद करून लावला की तो पुन्हा शून्यावर जायचा.

आठ दिवस काही झालं नाही. पण चक्की तेव्हाही बंदच होती. डोक्यात बसलेलं लगेच निघत नाही. माझ्याही नाही. मीच स्वतः दाखवून दिलं होतं की चक्कीचा संबंध नाही, आणि मीच बटणाजवळ जाऊन हात मागं घेत होते.

नवव्या दिवशी वाडीतली एक बाई डाळ घेऊन आली. घरी लग्न, पापड घालायचे होते. तिनं कडीकडे पाहिलं आणि डबा पुन्हा उचलायला वाकली. आत हे लांबच्या मालावर निघाले होते, अर्धं अंतर झालं होतं. मी आत डोकावले. म्हटलं, "दळण आलं आहे."

यांचे डोळे रस्त्यावर. बोटं कीबोर्डवर. एक वळण घेतलं. मग म्हणाले, "लाव. गेलं तं गेलं."

मी कडी काढली. बटण दाबलं. बल्ब मंद झाला, पुन्हा लागला. दगडानं आवाज धरला. मी पिठाच्या तोंडाशी हात धरून उभी राहिले. पीठ कोमट येत होतं, बारीक येत होतं. ती बाई काहीतरी विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं, आणि खरं म्हणजे मी ऐकतही नव्हते. माझे कान भिंतीपलीकडच्या त्या घर्रर्रकडे लागले होते, आणि चक्कीच्या आवाजात ते आलं असतं तरी मला समजलं नसतं. एक डबा झाला. तोवर आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या, आवाज ऐकून आल्या असतील. दुसरा डबा लावला. तिसऱ्याला मध्यावर असताना हे दारात आले. अनवाणी, एक हात चौकटीला. तोंड हलत होतं. मी मानेनंच विचारलं, काय? यांनी दोन्ही हातांनी पोतं खाली ठेवल्यासारखं केलं.

माल पोचला होता.

मी चक्की बंद केली नाही. यांना मान डोलावून दाखवली आणि तिसरा डबा पुरा केला.

गिऱ्हाईक एकदम परत आलं नाही. हिंगणीला जायची सवय लागलेल्या काही बाया अजूनही तिकडेच जातात, त्यांचं मी मनावर घेत नाही. पण पापडांचे उरलेले दिवस हाती लागले. पाऊस लागायच्या आत मागचे सगळे हप्ते भरले, सूद धरून. पुढचे महिन्याच्या महिन्याला गेले. हे दुपारी गाडीवरून उतरले की डब्यांना पीठ भरायला येतात आता. पाय बधिर असल्यानं उभं राहवत नाही, तर स्टुलावर बसून भरतात आणि बायांना परदेशातल्या रस्त्यांचं सांगतात. बाया म्हणतात, "काय भाऊजी, आज कोनत्या गावाले जाऊन आले?" मला बरं वाटतं. बोलायचं काम यांच्याकडे गेलं.

शेवटचा हप्ता मागच्या महिन्यात भरला. अंगणवाडीच्या ओसरीत, नेहमीसारखा. अध्यक्षबाईंनी नोटा दोनदा मोजल्या, रजिस्टरमध्ये माझ्या पानावर आडवी रेघ ओढली, खाली माझी सही घेतली आणि पान फिरवून मला दाखवलं. म्हणाल्या, "झालं वो तुह्यं. एक रुपया राह्यला नाई."